पडद्याकडे पाठ करून बसलेले सर

"पुन्हा होडीत कशा बसलात? मघाशीच उतरलात ना?"

अंधारातून हा प्रश्न आला तेव्हा माझा स्लाइड शो सुरू होऊन नऊ मिनिटं झाली होती आणि जवळजवळ तेवढाच अजून शिल्लक होता. "हो, ते जरा पुढेमागे झालंय," असं काहीतरी मी पुटपुटले. नेमकं काय पुढेमागे झालंय ते त्या क्षणी मलाही कळलं नव्हतं. पडद्यावर माझी मैत्रीण निळा रेनकोट घालून होडीत चढत होती, पुढच्या फोटोत ती कोरडीठाक होऊन झाडाखाली झोपली होती आणि त्याच्या पुढच्या फोटोत पुन्हा रेनकोट. पार्श्वसंगीताचं गाणं चार मिनिटांचं होतं. ते तिसऱ्यांदा पहिल्यापासून लागलं होतं.

आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. फोटोंवर पोट कुणाचंच नाही, सगळे हौशी. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, पडदा लावायचा आणि ज्याची पाळी असेल त्याने आपलं काम दाखवायचं. कुणी प्रवासाचे फोटो आणतं, कुणी घरबसल्या केलेला एखादा उद्योग. नियम एकच: दाखवण्याआधी सबबी सांगायच्या नाहीत. तोही मी मोडला होता. सुरुवातीलाच "प्रकाश काही मनासारखा मिळाला नाही हं" असं म्हणून घेतलं होतं.

माझी ही पहिलीच पाळी. एका नदीच्या काठाने, उगमापासून संगमापर्यंत, नऊ दिवसांची पायपीट आम्ही तिघांनी केली होती: मी, मैत्रीण आणि तिचा भाऊ. कॅमेरा आणि फोन मिळून १,८६२ फोटो जमले. त्यातले २१४ निवडले तेव्हा आपण किती कठोर आहोत असं मला वाटलं होतं. प्रत्येकी ५ सेकंद धरले तर २१४ फोटोंची १७ मिनिटं ५० सेकंद होतात. हा गुणाकार मी शो झाल्यावर केला.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ म्हणजे सर. भूगोल शिकवायचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवशी ते पडद्याशेजारी, पडद्याकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं मान धरली असेल. दिवे लागल्यावर सगळे "छान", "सुंदर", "केवढ्या चाललात हो!" असं म्हणाले. यातलं शेवटचं कौतुक माझ्या पायांचं होतं हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं. सर काही बोलले नाहीत. त्यांनी वहीतलं पान फाडून माझ्या हातात दिलं.

पानावर उभे आकडे होते, १ ते १८. प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीच्या रेघा.

"ही मिनिटं," सर म्हणाले. "कुणी हललं की एक रेघ. खोकला, खुर्ची, मोबाइलचा उजेड. जांभईला दोन."

एकूण ४३ रेघा. पहिल्या दोन मिनिटांत फक्त एक. चौथ्यापासून दाटी. अकराव्या मिनिटात सात. बाराव्या आकड्यासमोर एकही रेघ नव्हती, फक्त एक छोटं शून्य.

"इथे कुणी हललं नाही. इथे काय होतं ते घरी जाऊन बघ."

मी बघितलं. बाराव्या मिनिटात नावाड्याच्या हाताचा फोटो होता: वल्ह्याच्या दांड्यावर आवळलेली मूठ, मनगटापासून कोपरापर्यंत फुगलेल्या शिरा. त्याच्या लगेच पुढे पुराने माती धुऊन नेल्यामुळे उघडी पडलेली काठावरच्या झाडाची मुळं. मी सॉफ्टवेअरला 'कुठलेही इफेक्ट टाक' असं सांगून ठेवलं होतं, त्यामुळे कुठे पान उलटत होतं, कुठे फोटो गरागरा फिरत येत होता. या एका जागी मात्र योगायोगाने साधा डिझॉल्व्ह पडला होता. हात विरत जातो, मुळं उमटत येतात आणि मधला एखादा सेकंद शिरा आणि मुळं एकमेकांत गुंतलेली दिसतात.

गंमत म्हणजे हे फोटो एकमेकांशेजारी असायलाच नको होते. होडी सकाळची, मुळं संध्याकाळची.

मग उलगडा झाला. निघण्याआधी महिनाभर कॅमेऱ्याची बॅटरी काढून ठेवलेली होती, त्यात घड्याळ पुसलं गेलं. निघायच्या दिवशी घाईघाईत वेळ लावताना मी एएमच्या जागी पीएम ठेवलं. फोनला वेळ नेटवर्कवरून मिळते, तो बरोबर होता. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफची माहिती असते, तिच्यात काढल्याची वेळ लिहिलेली असते आणि सॉफ्टवेअर त्यावरून क्रम लावतं. म्हणजे माझे कॅमेऱ्याचे फोटो बारा तास पुढे सरकून फोनच्या फोटोंत मिसळले होते. पहाट संध्याकाळीत, संध्याकाळ दुसऱ्या दिवशीच्या पहाटेत. दुरुस्ती दोन मिनिटांची निघाली. कॅमेऱ्याचे सगळे फोटो एकदम निवडायचे आणि वेळ बारा तास मागे सरकवायची, ही सोय बहुतेक फोटो-सॉफ्टवेअरमध्ये असते. दोन कॅमेऱ्यांनी प्रवास करणाऱ्याने पहिल्या दिवशी एकाच घड्याळाचा फोटो दोन्ही कॅमेऱ्यांतून काढून ठेवावा, म्हणजे फरक किती हे नंतर शोधत बसावं लागत नाही.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. शो तयार करताना मी तो तीनदा पाहिला होता आणि एकदाही मला होडीचा गोंधळ दिसला नव्हता. कारण मी फोटो पाहतच नव्हते. मी चालत होते. माझ्या डोक्यात नऊ दिवस ओळीने होते, फोटो कसेही लागले तरी मन ते जागच्या जागी लावून घेत होतं. समोर बसलेल्यांकडे तो प्रवास नव्हता, फक्त पडदा होता.

पुढच्या आठवड्यात सरांकडे गेले. त्यांच्याकडे जुना कोडॅक कॅरुसेल प्रोजेक्टर आहे. हा प्रकार १९६१ मध्ये बाजारात आला आणि २००४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. वर गोल ट्रे, त्यात ८० खाचा. ट्रे एक घर पुढे सरकला की स्लाइड स्वतःच्या वजनाने खाली दिव्यासमोर पडते, पुढची आणायची वेळ झाली की आतला दांडा तिला पुन्हा वर ढकलतो. तो आवाज सरांनी मला ऐकवला: खट्, सर्र, खट्.

"ही ८० घरं म्हणजे माझा संपादक," ते म्हणाले. "एक्क्याऐंशीवी स्लाइड आवडली तर आधीची एक काढायला लागायची. तुम्हाला कुणी अडवणारच नाही."

एक स्लाइड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. पाच सेंटिमीटरची चौकोनी चौकट, आत २४ गुणिले ३६ मिलिमीटरचा फिल्मचा तुकडा. निगेटिव्ह नाही, सरळ पॉझिटिव्ह. कॅमेऱ्यात टिपलं तेच पडद्यावर जायचं. नंतर क्रॉप नाही, सावल्या उजळणं नाही, एक्स्पोजर जरा जास्त झालं की आभाळ पांढरं ते कायमचं. त्यांच्या पेट्यांत बऱ्याच कोडॅक्रोम होत्या. ही फिल्म १९३५ मध्ये आली, कोडॅकने २००९ मध्ये ती बंद केली आणि ती धुऊन देणाऱ्या शेवटच्या प्रयोगशाळेने, अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी, २०१० च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणं थांबवलं. अंधारात ठेवली तर हिचे रंग दशकानुदशकं टिकतात, प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर मात्र इतर फिल्मपेक्षा लवकर उडतात. म्हणून सर आवडती स्लाइड पडद्यावर रेंगाळू देत नसत. आवडती स्लाइड कमी दाखवायची, हे मला ऐकायला विचित्र वाटलं.

मी ट्रे भरायला घेतला. पहिल्याच स्लाइडला तळं आभाळातून लटकलं. दुसरीत पाटीवरची अक्षरं उलटी. चौकोनी चौकट आठ प्रकारे खाचेत बसते आणि त्यातला एकच प्रकार बरोबर असतो. जुन्या लोकांची युक्ती साधी: स्लाइड जशी दिसायला हवी तशी हातात सरळ धरायची, खालच्या डाव्या कोपऱ्यावर ठिपका काढायचा आणि ट्रेमध्ये घालताना ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात येईल अशी उलटी घालायची. सरांच्या प्रत्येक स्लाइडवर तो लाल ठिपका आहे. बघता बघता एक स्लाइड दिव्याच्या उष्णतेने मधोमध फुगली आणि चित्र धूसर झालं. सरांनी न बघताच फोकस फिरवला.

त्रेपन्नावं घर रिकामं होतं. पडदा काळा झाला. मी म्हटलं, सर, एक राहिली वाटतं.

"राहिली नाही. तिथे रात्र होते."

सरांना इतिहासात शिरायला निमित्त पुरतं. सतराव्या शतकात डच शास्त्रज्ञ हायगेन्सने मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरचं चित्र भिंतीवर पाडणारा दिवा, केला तेव्हापासून माणसं अंधारात बसून भिंतीवरची चित्रं बघताहेत, आणि आपल्याकडे महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ केले, त्याला 'शांबरिक खरोलिका' असं भारदस्त नाव होतं, हे त्यांनी चहा निवेपर्यंत सांगितलं. मग वहीतली जुनी पानं काढून दाखवली. ते आणि त्यांचा एक मित्र दोन प्रोजेक्टर एकाच पडद्यावर रोखून शो करत. विषम आकडे एका यंत्रात, सम दुसऱ्यात. एकाचा दिवा मंद करत न्यायचा, दुसऱ्याचा वाढवत आणायचा. वहीत जोड्यांच्या मधल्या जागेत बारीक अक्षरांत एकेक शब्द लिहिलेला: 'ढग-कापूस', 'जिना-कणा'. दोन चित्रं एकमेकांवर असताना जे क्षणभर दिसतं त्याला या लोकांत 'तिसरं चित्र' म्हणतात. कॅमेऱ्याने कधीच न काढलेलं.

"तुझं बाराव्या मिनिटाचं शून्य तेच," सर म्हणाले. "चुकून जमलं. आता न चुकता जमव."

न चुकता जमवायला मला अडीच महिने लागले.

आधी निवड. १,८६२ मधून पहिली चाळणी सोपी असते. हललेले, डोळे मिटलेले, एकाच बगळ्याचे अठरा. हे काढल्यावर ६४० उरले होते आणि त्यातून मी मागच्या वेळी २१४ वर आले होते. आता मलाच माझा भरवसा राहिला नव्हता. मग १५० फोटोंचे छोटे स्वस्तातले प्रिंट काढले, जमिनीवर मांडले आणि अकरा वर्षांच्या भाचीला बोलावलं. ती प्रवासात नव्हती, हीच तिची पात्रता. तिला म्हटलं, जे उद्या आठवणार नाहीत असं वाटतं ते पालथे घाल.

चौथ्या दिवसाचा सूर्योदय होता. त्यासाठी मी पहाटे तीनला उठले होते, बोटं इतकी गारठली होती की शटर दाबलं गेलंय का ते कळत नव्हतं. तिने तो पहिल्याच फेरीत पालथा घातला.

"अगं, हा का?"

"मावशी, असे कॅलेंडरवर असतात."

तो सुलटा करायला माझा हात गेला होता. मग मी स्वतःला विचारलं की यात मला आवडतं ते काय आहे, तर तीनचा गजर आणि गारठलेली बोटं. ती फोटोत कुठेच नव्हती. उलट एका दगडावर वाळत घातलेल्या मोज्यांच्या तीन जोड्या, त्यातल्या एकाच्या अंगठ्याला भोक, हा फोनवर येताजाता काढलेला फोटो पाहून ती खदखदून हसली आणि दोनदा परत बघायला आली. असं करत ५४ उरले. बाकीचे मोडीत काढले नाहीत, डिस्कवर आहेत. पण त्यांना मी अजून 'काढून टाकलेले' म्हणते तेव्हा घशात काहीतरी अडकतं.

क्रमाचं कोडं त्याहून अवघड. पहिला दिवस, दुसरा दिवस असं लावलं की शो रोजनिशीसारखा होत होता. शेवटी नदी उलटी फिरवली. रुंद, सपाट, पलीकडचा काठ न दिसणाऱ्या संगमापासून सुरुवात आणि उगमाच्या कातळावरून ठिबकणाऱ्या थेंबाशी शेवट. आम्ही चाललो त्याच्या नेमका उलट क्रम. मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग मी शेवटी ताजीतवानी दिसणार ना? चालेल." असं असूनही नावाड्याचा हात आणि मुळं शेजारीच ठेवली, सकाळ-संध्याकाळ गेली खड्ड्यात. अशा आणखी पाच जोड्या शोधायच्या नादात दोन आठवडे गेले आणि सापडल्या तीनच. एक जोडी अगदीच ओढूनताणून होती, ती सरांनी बोट ठेवून काढायला लावली.

वेळेचं मात्र हळूहळू सुधारलं. आमच्या गटाने मागे एकदा पेचा-कुचा करून पाहिलं होतं: २० चित्रं, प्रत्येकी २० सेकंद, एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. हा प्रकार २००३ मध्ये टोकियोत ॲस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या वास्तुरचनाकारांनी काढला. बोलणाऱ्याला आवरायला तो उत्तम, पण नुसतं बघायचं असेल तर वीस सेकंदांत माणूस फोटो संपवून छताकडे बघायला लागतो. मी प्रत्येक फोटोला वेगळी वेळ दिली. गर्दीचा, तपशिलांचा फोटो असेल तर दहा-अकरा सेकंद, मोज्यांना चार. डिझॉल्व्ह दोन सेकंदांचा, तीन जोड्यांना मात्र पाच. केन बर्न्स या माहितीपटकाराच्या नावाने ओळखला जाणारा तो सावकाश झूम, ॲपलने २००३ मध्ये आयमूव्हीत दिल्यापासून जिथे तिथे असतो, तो पहिल्या शोमध्ये मी २१४ वेळा वापरला होता. आता दोनदा. आणि सरांच्या त्रेपन्नाव्या घराच्या आठवणीने एका जागी तीन सेकंद काळा पडदा.

उभ्या फोटोंनी छळलं. आमचा प्रोजेक्टर १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा, म्हणजे १६:९. कॅमेऱ्याचा आडवा फोटो ३:२. पडदा पूर्ण भरायचा तर उंचीतला सुमारे १६ टक्के भाग कापावा लागतो. पहिल्या वेळी हे काम सॉफ्टवेअरने परस्पर केलं होतं, त्यामुळे मैत्रिणीच्या भावाचं डोकं अर्ध्या शोमध्ये कपाळापासून गायब होतं. तो उंच आहे, पण इतका नाही. उभा फोटो कापला नाही तर १०८० उंचीला त्याची रुंदी ७२० भरते, पडद्याचा निम्म्याहून जास्त भाग काळा. यावर फार डोकं चालवलं नाही. काही उभे फोटो जोडीने शेजारी ठेवले, बाकीचे काळ्या पट्ट्यांसकट राहू दिले. पट्ट्यांचा कुणाला त्रास होत नाही, कापलेल्या डोक्याचा होतो.

आवाजाचं मी ताईंकडून शिकले. ताई आमच्या गटात सगळ्यांत कमी बोलतात. त्या कुठे फारशा जात नाहीत, गुडघे दुखतात. माझ्या फजितीच्या पुढच्याच महिन्यात त्यांची पाळी होती. त्यांनी २४ कड्या-कोयंडे आणले होते. ओळखीच्यांच्या घरांच्या दारांच्या कड्या, जवळून, एकसारख्या तिरप्या उजेडात. गंजलेल्या, रंगाचे थर बसलेल्या, एक दोऱ्याने बांधलेली. आणि प्रत्येक फोटोबरोबर त्या कडीचा आवाज. कर्र. टक्. एक नुसतीच खुळखुळणारी. संगीत नाही, निवेदन नाही. तेविसाव्या फोटोनंतर पडदा काळाच राहिला आणि अंधारात फक्त एक कडी लागल्याचा आवाज आला. त्यांनी नंतर सांगितलं, ते घर आता नाही, मुलाने फोनवर कधीतरी रेकॉर्ड केलेला आवाज तेवढा होता. त्या दिवशी सरांच्या पानावर चारच रेघा होत्या आणि त्यातल्या दोन त्यांच्याच खोकल्याच्या.

मी घरी येऊन गाणं काढून टाकलं. तसंही ते गाणं माझं नव्हतं. पहिला शो नातेवाइकांना दाखवायला मी इंटरनेटवर चढवला तर हक्कधारकांच्या दाव्यामुळे आवाजच बंद केला गेला होता. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली मिळणारं संगीत वापरता येतं, संगीतकाराचं श्रेय मागितलं असेल तर ते शेवटी लिहायचं. तेही शोधलं, पण प्रत्येक धून नदीला काहीतरी सांगत सुटायची. मैत्रिणीच्या भावाने सातव्या दिवशी गंमत म्हणून फोनवर पाण्याचा आवाज रेकॉर्ड केला होता. त्यात वारा भसाभसा घुसलेला. खालच्या पट्टीचे आवाज कापणारा फिल्टर लावल्यावर पाणी वर आलं. सातव्या दिवशीचं रुंद पाणी सुरुवातीला मोठ्याने, मग कमी कमी करत नेलं. शेवटच्या थेंबासाठी काहीच नव्हतं, तो स्वयंपाकघरातल्या नळाचा आहे. हे गटात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

निवेदनाचा नाद सुटत नव्हता. कपड्यांच्या कपाटात डोकं घालून रेकॉर्ड केलं, कारण कपडे आवाज घुमू देत नाहीत. ऐकलं तर हवामानाचा अंदाज वाटत होता. तीन रात्री तेच. मग एकदा मैत्रिणीशी त्या प्रवासावर बोलताना तिला विचारून रेकॉर्डर चालू ठेवला. तासभराच्या बोलण्यातली तीन वाक्यं शोमध्ये आहेत. त्यातलं एक तिचं: "तेव्हा मला वाटलं होतं, आता घरी जावं."

नावाड्याला आम्ही फोटो पाठवायचा शब्द दिला होता, त्याच्या मुलाचा नंबर घेतला होता. पाठवला आणि विचारलं, हे लोकांना दाखवू का? निरोप आला: हात दाखवा, चेहरा नको, दाढी वाढली होती. चेहऱ्याचा फोटो माझा फार आवडता होता. काढला. काठाच्या मातीत खंड्याने बीळ करून घरटं केलं होतं, तो फोटो राहिला, पण फाइल द्यायच्या आधी सगळ्याच फोटोंतली जागेची नोंद पुसली. लोकेशन चालू असेल तर फोन प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो आणि एवढ्या नेमक्या पत्त्याची खंड्याला गरज नव्हती.

दुसऱ्या शोच्या दिवशी अर्धा तास आधी पोचले. घरच्या स्क्रीनवर गडद, गंभीर दिसणारे फोटो पडद्यावर नुसते करडे आले. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, काळा म्हणजे जिथे उजेड पडला नाही तो पांढरा पडदा. खिडक्यांना चादरी लावल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला, तेव्हा सावल्यांत काहीतरी दिसायला लागलं. रंगही मागच्यासारखे फिके नव्हते. अडोबी आरजीबी आणि एसआरजीबी या फाइलमध्ये रंग नोंदवायच्या दोन पद्धती; मागच्या वेळी फाइल्स पहिल्या पद्धतीत होत्या आणि व्हिडिओचं सॉफ्टवेअर त्यांना एसआरजीबी समजून दाखवत होतं, आता आधीच एसआरजीबीत करून घेतल्या होत्या. केबल जोडली तर आवाज स्पीकरऐवजी लॅपटॉपमधूनच येत होता. तो सेटिंगमधून वळवेपर्यंत सगळे स्थिरस्थावर झाले होते.

सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, अंधारात लिहिणं नको म्हणून ते या वेळी सगळ्यांबरोबर पडद्याकडे तोंड करून बसले. वही-पेन्सिल ताईंकडे. मी सबब सांगितली नाही. दिवे बंद केले आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसले.

संगम आला. मोजे आले आणि कुणीतरी हसलं. हात आणि मुळांच्या वेळी मी श्वास धरून लोकांच्या पाठी बघत होते. पाचव्या मिनिटाला, काळा पडदा असताना, नेमक्या त्या तीन सेकंदांत, वरच्या कोपऱ्यात एक पांढरी चौकट उगवली: 'किल्ली कुठे ठेवलीस?' घरून आलेला निरोप. बाकी सगळं तपासलं होतं, नोटिफिकेशन बंद करायचं राहिलं होतं. खोलीभर हशा. त्यानंतर पाणी बारीक होत गेलं, थेंब पडले, सात मिनिटं संपली.

दिवे लागल्यावर कुणी 'केवढ्या चाललात' म्हणालं नाही. एकाने विचारलं, ती 'घरी जावं' असं म्हणाली तेव्हा कितवा दिवस होता? सर म्हणाले, दोन जोड्या चांगल्या, तिसरी अजून ओढलेली आहे. मग ताईंनी पान दिलं. सात आकडे, एकूण नऊ रेघा. पाच किल्लीच्या. एक तिसऱ्या मिनिटाला, दोन सहाव्याला, तिथल्या दोन फोटोंना मी पुढच्या वेळी दोन-दोन सेकंद कमी करणार आहे. नववी रेघ अगदी शेवटी होती, थेंबाच्या फोटोवर. ती मला लागली. त्या एका फोटोवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला होता.

"ताई, इथे कोण हललं?"

"तू," त्या म्हणाल्या. "खुर्ची किती जोरात सरकवलीस."